जीभ पोचली नाही तो डोळा

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी आहे. सतरा उंबरे. त्या सतरा उंबऱ्यांत आणि खालच्या चार गावांत गेली चाळीस वर्षं माझं नाव होतं, आणि ते जिभेमुळे होतं. गोड बोलण्यामुळे नव्हे. तसा मी तुसडाच. कुणाच्या डोळ्यात कुसळ, फोलकट, चिलट, काहीही गेलं की त्याला धरून माझ्याकडे आणायचे. मी पापणी उलटायचो, जिभेचं टोक बुबुळावरून फिरवायचो आणि कण काढून तळहातावर दाखवायचो. दाखवणं महत्त्वाचं. कधीकधी कण सापडायचाच नाही, तेव्हा माझ्याच दातातलं काहीतरी दाखवायचो.

ही विद्या मला एका साधूने दिली असं मी बाहेर सांगायचो. खरं तर ती मी आमच्या कपिला गायीकडून शिकलो. वासराच्या डोळ्यात गेलेली काडी तिने चाटून काढलेली मी पाहिली, तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. दहावीला दोनदा बसलो होतो आणि दोन्ही वेळा बसूनच राहिलो होतो. गायीला जमतं ते आपल्याला का जमू नये, एवढा विचार करण्यापुरती अक्कल होती. पहिला रोगी शेजारचा मुरारी. तो बरा झाला. तो डोळा आपोआपही बरा झाला असता हे त्याला कळलं नाही, आणि मला कळून घ्यायचं नव्हतं.

त्यातून माझा स्वतःचा डावा डोळा लहानपणी विटी लागून अधू झालेला. त्याने उजेड आणि सावली एवढंच कळतं. म्हणजे एका डोळ्याचा माणूस दोन डोळ्यांच्या माणसांना बरं करायला बसला होता, आणि कुणी हटकत नव्हतं.

पैसा मी कधी घेतला नाही. भागोजी भला माणूस, अशी ख्याती झाली ती त्यामुळे. लोक तंबाखूची पुडी घेऊन यायचे. मी त्यातली चिमूट चुना लावून मळायचो, दाढेखाली धरायचो, मन स्थिर झालं की थुंकायचो आणि त्याच जिभेने कामाला लागायचो. माणसं डोळ्यात आग पडली म्हणून हातपाय झाडायची. मी म्हणायचो, जहर निघतंय, निघू दे. वर पथ्य सांगायचो: पंधरा दिवस वांगं नाही, सुकट नाही, कुठलीच सुकी मासळी नाही. पथ्य ही फार सोयीची गोष्ट आहे. डोळा बरा झाला तर माझी जीभ, नाही झाला तर त्याची.

रखमा वहिनींचा नाही झाला. त्यांचं घर आमच्याखाली चार घरं सोडून. अठरा वर्षांपूर्वी भाताच्या झोडणीच्या वेळी त्यांच्या डाव्या डोळ्यात कुसळ गेलं, ते मी काढलं, खरंच काढलं. चार दिवसांनी डोळा लाल झाला, महिन्याभरात बुबुळावर पांढरं फूल पडलं आणि त्या डोळ्याचं दिसणं गेलं. त्यांच्या सासूने देवळाच्या कट्ट्यावर चारचौघांत मला विचारलं, असं कसं झालं. मी म्हटलं, सुकट खाल्ली असणार. वहिनी म्हणाल्या, नाही खाल्ली. सासूने माझं खरं मानलं आणि वाडीनेही मानलं. सासू जाईपर्यंत वहिनींना जेवताना ती सुकट ऐकावी लागली. पुढेपुढे वाडीत कुणी बाजारातून सुकट आणली की कुणीतरी रखमाचं नाव काढून हसायचं. त्यात मीही हसायचो.

गेल्या वर्षी कार्तिकात आमच्या खळ्यात झोडणी चालली होती. वय बासष्ट, पण अंगात जोर पंचविशीचा आहे अशी माझी समजूत. भाताची पेंडी उचलून फळीवर आपटली आणि एक कुसळ सटकन उजव्या डोळ्यात गेलं. माझ्या एकुलत्या एक चांगल्या डोळ्यात.

मी हसलो. चाळीस वर्षांचा अनुभवी वैद्य घरातच होता. डोळा मिटून ओसरीवर येऊन बसलो, सवयीने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली, आणि मग लक्षात आलं की माझी जीभ माझ्या डोळ्याला पोचत नाही. खोटं कशाला सांगू, मी ती बाहेर काढून नाकापर्यंत नेऊन पाहिली. माझी बायको आनंदीबाई सूप घेऊन दारात उभी होती. काय करताय, असं तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, कारण जीभ बाहेर होती.

ही विद्या मी कुणाला शिकवली नव्हती. शिकवली तर मान वाटला जाईल, ही भीती. आता आनंदीबाईला शिकवायला बसलो. पापणी अशी उलटायची, टोक असं टेकवायचं, श्वास धरायचा. तिने सगळं ऐकून घेतलं, जवळ आली, माझ्या तोंडाच्या वासाने थबकली आणि मागे सरकली.

"चाळीस वर्षं लोकांनी हे सोसलं? माझ्यानं नाय होनार. महाडला चला."

महाडला डोळ्यांचं हॉस्पिटल आहे हे मला माहीत होतं. पण डोळ्याचा वैद्य डोळा दाखवायला गेला ही बातमी आमच्या जीपच्या आधी पोलादपुरात पोचली असती. मी धोतराच्या टोकाचा पीळ करून आरशात बघून स्वतःच कुसळ काढलं. डोळा खुपायचा थांबेना. तेव्हा मुरारीकडे गेलो. त्याचा मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वी शिबिरात काढला होता आणि उरलेल्या थेंबांची बाटली त्याने देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्यामागे जपून ठेवली होती. देव्हाऱ्यातली वस्तू म्हणजे खराब होण्याचा प्रश्नच नाही, असं आम्हा दोघांचंही मत पडलं.

थेंबांनी दोन दिवसांत लाली उतरली. मी कट्ट्यावर जाऊन सांगितलं की औषध कोणतंही असो, हात वैद्याचा लागतो. आठव्या दिवशी बुबुळाच्या कडेला पांढरा ठिपका आला. उजेड सोसेना, म्हणून दार लोटून घरात बसायला लागलो. आनंदीबाईने एकदाच विचारलं.

"सुकट खाल्लीत काय?"

मी सुकट खाल्ली नव्हती. वांगंही नाही. स्वतःचं पथ्य मी स्वतः काटेकोर पाळलं होतं. तरी ठिपका वाढत होता. त्या अंधाऱ्या घरात बसल्या बसल्या रखमा वहिनींचा चेहरा डोळ्यासमोर आला, आणि मी तो झटकला, कारण मला आधीच पुरेसा त्रास होता.

बाराव्या दिवशी सकाळी मला जोराची शिंक आली आणि डोळ्यातून ऊनऊन पाणी घळकन गालावर आलं. ठणका एकदम कमी झाला. मी आनंदीबाईला हाक मारून सांगितलं की घाण निघून गेली, आता बरं वाटतंय. मग डोळा उघडला. समोर आनंदीबाई होती, पण तिला चेहरा नव्हता. दाराची चौकट पाण्यात बुडाल्यासारखी हलत होती. मी घाबरलो. तिच्या पदराला धरून बसलो आणि म्हटलं, महाडला चल. तेव्हा मानबिन काही आठवला नाही.

माझा पुतण्या मंगेश उमरठ ते पोलादपूर जीप चालवतो. त्याने बाकीचे पाशिंजर उतरवले आणि थेट महाडला घातली. आनंदीबाईने वाटभर माझा हात धरला होता. लग्नात धरला होता त्यानंतर चारचौघांत पहिल्यांदाच. मी मनात म्हणत होतो, तिचा चेहरा आपण शेवटचा कधी नीट पाहिला, आणि मला तो दिवस सापडत नव्हता.

नशीब असं की तो गुरुवार होता. बुबुळाच्या खास डॉक्टर, प्रियदर्शिनी मॅडम, पनवेलहून गुरुवारीच येतात. वय माझ्या मुलीएवढं. मला आल्या आल्या आजोबा म्हणाल्या. मी बासष्टाचा आहे असं सांगणार होतो, पण ती वेळ नव्हती. त्यांनी डोळ्यात रंगाची पट्टी टेकवली, निळा दिवा लावला आणि यंत्रातून पाहिलं. बुबुळाला भोक पडलं होतं. मोहरीच्या दाण्याहूनही लहान, पण डोळ्यातलं पाणी त्यातून बाहेर येत होतं. आमचं घर गळतं तेव्हा निदान खाली पातेलं ठेवता येतं. इथे नुसतं ऐकून घ्यायचं होतं.

आनंदीबाईने पदराच्या गाठीतून मुरारीची बाटली काढून पुढे केली. मॅडमनी ती उलटसुलट करून वाचली. मग समजावून सांगितलं. भाताच्या कुसळामुळे डोळ्यात बुरशी धरली होती. हे थेंब ऑपरेशननंतरची सूज उतरवायचे. त्यांनी लाली झाकली आणि बुरशीला रान मोकळं करून दिलं. दहा-बारा दिवस मी रोज चार वेळा, वेळेवर, डोळ्यातल्या बुरशीला खाऊ घालत होतो. आयुष्यात इतक्या नेमाने मी दुसरं काही केलेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, गावात अजून काय उपाय केलेत. इकडे डोंगरात जिभेने कण काढतात असं त्यांनी ऐकलं होतं.

मी म्हटलं, "हाय एक मानूस आमच्याकडं. पन मी त्याच्याकडं गेलो नाय."

शब्दशः खरं होतं. मॅडम त्या माणसावर जे घसरल्या, ते पाच मिनिटं. तोंडातले जंतू, जखमेवर जीभ, आणि तो तंबाखू खाणारा असेल तर वरून चुना. चुन्याने बुबुळ भाजतं, भाजलेल्या जागी जंतू धरतात, मग फूल पडतं आणि माणूस जन्मभर तसाच राहतो. मी मान डोलवत होतो. आनंदीबाई वरच्या पंख्याकडे बघत होती, पंखा बंद होता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "त्या माणसाला एकदा माझ्याकडे घेऊन या." मी म्हटलं, आणतो.

भोक बुजवायला मी समजत होतो की टाके घालतील, डोळा फाडतील, दुसऱ्याचा डोळा बसवतील. मॅडम म्हणाल्या, एवढ्या भोकाला आधी गोंद लावून बघू. नाही धरला तर मुंबईला जाऊन मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवावं लागेल, आणि त्यासाठी थांबायला किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. तोवर डोळा टिकेल याची खात्री नाही. गोंद म्हटल्यावर मला हसू आलं. तुटलेली चप्पल मी घरी गमानेच चिकटवतो. हा औषधाचा असतो आजोबा, त्या म्हणाल्या, आणि हसू नका, हसलात तर पाणी अजून बाहेर येईल.

थेंब टाकून डोळा बधिर केला. तोंडावर भोकाचं फडकं घातलं. मी जागाच होतो. कुठेतरी लांब कुणी आपल्या डोळ्यात झाडलोट करतंय एवढंच जाणवत होतं. आधी भोकाच्या कडेचा मेलेला भाग खरवडला, मग कापसाच्या बारीक काडीने ती जागा टिपून कोरडी केली. नाचणीच्या दाण्याएवढी प्लास्टिकची चकती, तिला गोंदाचा ठिपका, आणि ती त्या भोकावर टेकवली. जरा ऊन लागलं. मॅडम म्हणाल्या, हलू नका. मी हललो नाही. चाळीस वर्षं मी लोकांची डोकी गुडघ्यात दाबून धरायचो आणि हलू नका म्हणून ओरडायचो, ते त्या मिनिटात आठवलं. गोंद कडक झाल्यावर त्यांनी परत रंग टाकून पाहिलं. गळती थांबली होती. वर मऊ लेन्स बसवली, बाहेरून जाळीची वाटी. सगळं मिळून अर्धा तासही नाही. टाका एकही नाही.

पण मॅडम म्हणाल्या, दिसेल का ते आत्ताच नाही सांगता येणार. बुरशी मेली पाहिजे. दर तासाला थेंब, वाकायचं नाही, उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, आणि तंबाखू बंद.

हॉस्पिटलात आठ दिवस आणि मग घरी, आनंदीबाईने दर तासाला थेंब घातले. गजराचं घड्याळ उशाशी. एकदाही चुकली नाही. पथ्यात मी चुकलो तर तिच्या शिव्या खायला मिळायच्या. त्या दिवसांत मला फक्त सावल्या दिसायच्या आणि सावलीला रागावता येत नाही, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा मुकाट बसलो होतो. मुरारी भेटायला आला आणि म्हणाला, गोंदच लावायचा होता तर माझ्याकडे चपलेची ट्यूब होती. मी उठून बसलो आणि त्याला असं झापलं की तो परत पाऊण महिना आला नाही. ती ट्यूब डोळ्याजवळ नेलीस तर डोळा कायमचा जाईल, हे त्याला ओरडून सांगावं लागलं, कारण त्याने खरंच नेली असती. मी त्याला ओळखतो. मी मला ओळखतो.

दोन महिन्यांनी गोंदाचा कण आपला आपण सुटून आला. खालचं भोक भरलं होतं. कडेला एक पांढरी खूण राहिली, पण मधला भाग स्वच्छ. मॅडमनी लेन्स काढली आणि मी आनंदीबाईकडे पाहिलं. तिचे केस सगळे पिकले होते. हे कधी झालं असं मी विचारलं. ती म्हणाली, दहा वर्षं झाली. मी रडलो. मॅडम म्हणाल्या, चोळू नका.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती, आणि मी बरा माणूस असतो तर संपली असती. वाडीत परत आलो तेव्हा सगळ्यांना सांगायचं होतं की जीभ लावणं चूक, चुना लावणं तर महाचूक. मी काय सांगितलं? सांगितलं की डॉक्टरांनी मला पथ्य घातलंय, आता जीभ लावायची नाही. लोक हळहळले. एवढी विद्या वाया गेली म्हणाले. मी उसासा टाकला. आणि रखमा वहिनींच्या दारावरून जायला नको म्हणून वर्षभर वरच्या पायवाटेने पाण्याला गेलो. गुडघे दुखतात तरी.

या कार्तिकात परत झोडणी सुरू झाली. एका सकाळी ओसरीवर बसलो होतो आणि रखमा वहिनी अंगणात आल्या. सोबत त्यांची नात गौतमी, सात वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीला आलेली. पोरीने एका डोळ्यावर हात दाबून धरला होता. काय झालं ते विचारायची गरज नव्हती.

मी उभा राहिलो. म्हटलं, वहिनी, मी जीभ लावणार नाही. पथ्य म्हणून नाही. तुमचा डोळा मीच घालवला, माझ्या जिभेने आणि चुन्याने. तुम्ही सुकट खाल्ली नव्हती हे मला वर्षभर ठाऊक आहे. मनात हे मी शंभरदा घोळवलं होतं, त्यात त्या रडायच्या किंवा शिव्या द्यायच्या. वहिनींनी पोरीचा हात नीट धरला.

"भावोजी, मला अठरा वर्षं ठाऊक हाय. तुमच्या जिभेसाठी नाय आनली हिला. ती डाक्टरीन तुमच्या वळखीची हाय. मंगेशची जीप खाली उभी हाय, चला लवकर."

मी टोपी शोधायला लागलो. ती डोक्यावरच होती.

जीपमध्ये पोर मध्ये बसली होती. मी खालच्या आवाजात विचारलं, ठाऊक होतं तर तेव्हा बोलला का नाही. वहिनी रस्त्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "बोलले की. तुमच्यासमोरच बोलले."



गुरुवार होता, आणि मॅडम गुरुवारीच येतात हे वहिनींना ठाऊक होतं, हे मला नंतर कळलं. मॅडमनी गौतमीला यंत्रासमोर बसवलं, थेंब टाकला, चिमट्याने कुसळ उचललं. जेमतेम मिनिट. त्यांनीही ते पोरीला दाखवलं, पण ते खरंच तिच्याच डोळ्यातलं होतं. थेंब लिहून दिले, दोन दिवसांनी परत बोलावलं. मग त्यांची नजर वहिनींवर गेली. त्यांनी वहिनींनाही यंत्रासमोर बसवलं, उजेड आतबाहेर करून पाहिलं आणि म्हणाल्या, डोळ्याचा मागचा भाग शाबूत दिसतोय. बुबुळ बदललं तर दिसू शकेल. यादीत नाव घालूया. हे कधी झालं, कशाने झालं?

वहिनींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या एवढंच म्हणाल्या, कुसळ गेलेलं.

मी टोपी काढली. "म्हॅडम, तुम्ही त्या मानसाला आनायला सांगितलं होतं. आनलाय."

मॅडमनी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग परत माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी फक्त पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात वहिनी बोलल्या. माझ्याशी नाही, मॅडमशी. अठरा वर्षं एखादी वस्तू पदरात बांधून ठेवावी आणि योग्य माणसासमोर गाठ सोडावी तसं, शांतपणे.

"आनि म्हॅडम, मी सुकट खाल्ली नवती."

मॅडमना त्यातलं काही कळलं नाही. कुठली सुकट, असं त्यांनी विचारलं. वहिनी आता माझ्याकडे बघत होत्या, चांगल्या डोळ्याने आणि त्या पांढऱ्या डोळ्यानेही. मी खुर्चीवर बसलो आणि कपिलेपासून सुरुवात करून मॅडमना सगळं सांगितलं. संध्याकाळी वाडीत परतलो तेव्हा कट्ट्यावर माणसं होती. मुरारी होता. तिथे बसून मी तेच परत पहिल्यापासून सांगितलं.